सर्जेरावांनी सरळ केलेल्या रेघा

सर्जेराव पोकळ्यांचं टेबल काचेचं होतं. काचेखाली दोन ट्यूबलाइट, काचेवर पारदर्शक फिल्म, आणि फिल्मवर काळ्या टेपच्या रेघा. टेप सुतळीच्या धाग्याइतकी बारीक. ती बोटाच्या पेराने दाबत न्यायची, वळवायची, ब्लेडने कापायची. दिवसभर एवढंच काम. सांगायला सोपं आहे. करायला बसलं की मान धरते, डोळ्यांतून पाणी येतं, आणि घामाचं बोट फिल्मला लागलं तर तिथे टेप बसत नाही. सर्जेराव खिशात दोन रुमाल ठेवायचे. एक तोंडाला, एक बोटांना. त्यांची अदलाबदल कधी झाली नाही.

या रेघांचा फोटो काढून तो निम्म्या आकाराचा करत आणि तांब्याचा पातळ थर असलेल्या पाटीवर छापत. नको तिथलं तांबं रसायनात विरघळलं की काळ्या रेघांच्या जागी तांब्याच्या रेघा उरत. त्यांवर चिपा बसल्या की झाला संगणकाचा मदरबोर्ड, म्हणजे पेटीच्या तळाशी असलेली मुख्य पाटी. चिपा एकमेकींशी जे काही बोलतात ते या रेघांतून. रेघ तुटली की बोलणं तुटलं.

ही गोष्ट एकोणीसशे नव्वदच्या आसपासची. सातारा रस्त्याच्या बाजूला एका औद्योगिक वसाहतीत गोपाळकृष्ण लिमये यांचा गाळा होता. वर पत्रा, पुढे ऑफिस, मागे सॉल्डरिंगची, म्हणजे धातू वितळवून त्याच्या डागांनी चिपा पाटीला जोडायची टेबलं. लिमये सदाशिव पेठेतले. शिकलेले इंजिनिअर. बोलणं मोजकं, आणि जे मोजलेलं असे ते तिखट असे. सर्जेराव धायरीचे. धायरी तेव्हा गावच होतं. थोरला भाऊ बजरंग शेती बघायचा, म्हणून सर्जेरावांना आयटीआयला जाता आलं. ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात नकाशे काढले. तो कारखाना बंद पडल्यावर लिमयांच्या दारात आले. लिमयांनी सर्टिफिकेटं बाजूला सारली आणि सुई-दोरा पुढे केला. ओवून दाखवा म्हणाले. सर्जेरावांनी दोरा तोंडात न घालता, पीळ देऊन, पहिल्या झटक्यात ओवला. तेवढ्यावर नोकरी लागली.

मदरबोर्डाची सगळी विद्या लिमयांनीच त्यांना शिकवली. त्या काळी हा गाळा बोर्ड स्वतःचा बनवायचा. कुठली चिप कुठे बसणार, रेघ कुठून जाणार, सगळं लिमये ठरवत आणि सर्जेराव टेपने उतरवत. पहिल्या खेपेला बोर्ड कधी चालत नसे. मग पाठीमागून पिवळ्या वायरी जोडून चुका सांधायच्या, त्या सुधारून फिल्म पुन्हा करायची. बोर्डाची पाठ बघितली की हळद लागल्यासारखी दिसे. लिमयांचा एकच नियम होता. "रेघ म्हणजे लग्नातला पाहुणा नव्हे, दारोदार फिरवायला. सरळ न्या, लवकर पोचवा." सर्जेरावांनी तो नियम हाडीमासी मुरवला. त्यांच्या फिल्मवर उगाच घेतलेलं एक वळण सापडायचं नाही. टेप परदेशी होती, महाग होती. कापून उरलेला बोटभर तुकडाही ते टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवत आणि छोट्या जोडाला वापरत.

त्या वर्षी मोठ्या वेगाची नवी चिप बाजारात आली, आणि तिच्याबरोबर वेगळंच काही आलं. चिप बनवणाऱ्या परदेशी कंपनीने बोर्डाचा पुरा नकाशाच सोबत दिला. चिपा कुठे बसवायच्या, रेघा कशा न्यायच्या, सगळं काढून, चालवून बघून तयार. त्याला रेफरन्स डिझाइन म्हणायचं. घ्या, छापा, विका.

लिमयांनी चहाच्या वेळी ते सगळ्यांसमोर पसरलं. लिमयांखेरीज गाळ्यात इंजिनिअर एकच होती, नीरजा. शिकून बाहेर पडून जेमतेम वर्ष झालेलं. ती नकाशावर वाकली आणि बराच वेळ उठली नाही. सॉल्डरिंगच्या मुलींवर देखरेख करणाऱ्या प्रेमलाताई लांबूनच बघत होत्या. आता पाठीवर पिवळ्या वायरी जोडायच्या नाहीत, एवढंच त्यांनी ओळखलं आणि समाधानाने बशी तोंडाला लावली.

अडचण एकच होती. लिमयांनी आपल्या जुन्या बोर्डाच्या मापाच्या पत्र्याच्या पेट्या आधीच करून घेतल्या होत्या. मागच्या भिंतीला लावून छतापर्यंत रचलेल्या. नव्या नकाशाची स्क्रूची भोकं त्या पेट्यांना जुळत नव्हती. म्हणून लिमयांनी ठरवलं, या खेपेला नकाशा त्यांचा, पण एक बाजू आपल्या पेटीप्रमाणे सरकवायची. त्यासाठी फिल्म सर्जेरावांनी नव्याने करायची.

"ही शेवटची," लिमये म्हणाले. "पुढच्या वेळी पेट्याच त्यांच्या मापाच्या करू. त्यांची फिल्म आणायची आणि छापायची."

सर्जेरावांनी कप खाली ठेवला. "मग टेबल?"

"बघू. पॅकिंगला विश्वासाचा माणूस लागतोच."

लिमये वाईट हेतूने बोलले नव्हते. नोकरी जाणार नव्हती, पगारही तोच राहणार होता. पण सर्जेरावांनी कप परत उचलला नाही. माणूस ज्या कामाने ओळखला जातो ते काम काढून घेतलं आणि पगार दिला, तर तो पगार हातात जड लागतो.

घरी मैनाबाईंना त्यांनी जेवताना सांगितलं. मैनाबाईंना त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही.

"पगार त्योच हाय न्हवं?"

"हाय."

"आन् डोळं बी वाचतील. पॅकिंग म्हंजी काय वाईट काम हाय व्हय?"

सर्जेराव म्हणाले, वाईट नाही. मैनाबाईंनी आणखी भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "मग त्या सायबास्नी दावा की, हाताचं काम कसं आसतंय त्ये."

सर्जेरावांच्या मनात तेच होतं. परदेशी नकाशापेक्षा आपला हात सरस करून दाखवायचा. मग लिमयांच्या तोंडून पॅकिंगचा शब्द निघणार नाही.

ते कामाला बसले. एक बाजू सरकवायची म्हणजे निम्म्या बोर्डाच्या रेघा नव्याने न्यायच्या, आणि वरच्या बाजूची रेघ खालच्या बाजूच्या रेघेला भोकातून भेटते तिथे दोन्ही फिल्म केसभरही सरकू द्यायच्या नाहीत. सर्जेराव सकाळी ट्यूब लावत आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत पाठ सरळ करत नसत. उन्हाळ्याचे दिवस. पत्रा तापला की टेपचा डिंक मऊ पडायचा, म्हणून बारीक काम सकाळी, भोकांभोवतीच्या गोल टिकल्या चिकटवायचं काम दुपारी, असं त्यांनी वाटून घेतलं. त्यांची नजर सतत मूळ नकाशावर होती. कुठे काय सुधारता येईल, ते हुडकत होती.

हुडकणाऱ्याला सापडतंच. बोर्डाच्या एका कोपऱ्यात एका छोट्या चिपमधून चार रेघा निघून चार ठिकाणी जात होत्या. त्यातली लांबची रेघ सरळ होती. जवळच्या रेघा मात्र वाटेत उगाच वळवळत होत्या. इकडे वळ, तिकडे वळ, पुन्हा इकडे, आणि मग मुक्कामाला. प्रेमलाताई काही विचारायला आल्या होत्या, त्यांनी वाकून बघितलं.

"या काय शेवया घातल्यात?"

सर्जेरावांना हसू आलं. त्यांनी टेपच्या रिळाकडे बघितलं, शेवयांकडे बघितलं आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर विषय काढला. इथे रेघा विनाकारण फिरवल्या आहेत, टेप वाया, जागा वाया. लिमये पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"तासावर पगार असेल त्यांचा. सरळ करा."

नीरजा तेव्हा ऑफिसात फोनवर होती. चिपा पुरवणाऱ्या माणसाशी भांडत होती. तिच्यापर्यंत हे बोलणं गेलं नाही, आणि तिला सांगायला हवं असं कुणाला वाटलंही नाही. चहाच्या वेळी टेपच्या वळणांची चर्चा रोजच चाले.

सर्जेरावांनी शेवया सरळ केल्या. चार रेघा चार दिशांना, नाकासमोर. मोकळ्या झालेल्या जागेत त्यांनी दुसऱ्या दोन रेघा अशा बसवल्या की चार भोकं वाचली. फिल्म पुरी झाली तेव्हा लिमये टेबलाशी आले, चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले, आणि म्हणाले, "छान." लिमयांच्या तोंडून हा शब्द सणासुदीलाही निघत नसे.

मग तपासणी. गाळ्यात तिची एक ठरलेली रीत होती. सर्जेराव फिल्मवर बोट ठेवून एकेक जोड मोठ्याने वाचत. अमक्या चिपचा अमका पाय, तमक्या चिपच्या तमक्या पायाला. नीरजा सर्किटच्या कागदावर पिवळ्या पेन्सिलीने ती रेघ रंगवत जाई. शेवटी कागदावर एकही पांढरी रेघ उरता कामा नये. हे काम कंटाळ्याचं. घसा कोरडा पडतो. पण दोघांनीही एक जोड गाळला नाही. कागद पुरता पिवळा झाला. जे जिथे जायला हवं ते तिथे जात होतं.

बोर्ड छापून आले. प्रेमलाताईंच्या मुलींनी चिपा बसवल्या. सकाळी नीरजाने बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली. पहिल्याच खेपेला. पाठीला एकही पिवळी वायर नाही. लिमयांनी कोपऱ्यावरून सगळ्यांना वडे मागवले. सर्जेरावांनी वडा खाल्ला आणि हात धुऊन आपल्या टेबलाची काच पुसली. ती स्वच्छच होती.

दुपारी बोर्ड अडकला.

पडदा गोठून बसला. बंद करून चालू केला तर थोडा चालला, पुन्हा अडकला. संध्याकाळी ऊन उतरल्यावर नीट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेख चालला आणि दुपारी पुन्हा हटून बसला. दुसरा बोर्ड घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांना एकच खोड. सकाळी शहाणे, दुपारी वेडे.

असं झालं की गाळ्यात पहिला संशय सॉल्डरिंगवर जाई. गरम झालं की कच्चा डाग सुटतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लिमयांनी प्रेमलाताईंना डाग पुन्हा मारायला सांगितले. प्रेमलाताईंनी मुलींना बसवलं. पत्र्याखाली, भर दुपारी, हातात सॉल्डरिंगची तापलेली इस्त्री घेऊन डाग काढायचे आणि परत मारायचे. पंखा लावायचा नाही, वाऱ्याने डाग थंड पडतो. मुलींच्या ओढण्या घामाने चिकटल्या. बोर्डाची खोड गेली नाही. सर्जेराव आपल्या जागेवरून बघत होते. आपल्या फिल्मविषयी त्यांच्या मनात शंकाच नव्हती. ते प्रेमलाताईंना म्हणाले, "ताई, मुली नव्या आहेत. हात घाईचा पडतो."

प्रेमलाताईंनी इस्त्री स्टँडला लावली. "हात घाईचा असेल तर सकाळी पण घाईचाच असतो, भाऊ. सकाळी का चालतो मग?"

सर्जेरावांनी आपलं मत बदललं नाही.

नीरजा दुसऱ्या दिवशी घरून केस वाळवायचं यंत्र घेऊन आली. सकाळच्या गारव्यात बोर्ड मजेत चालला होता. ती बोर्डाच्या एकेका भागावर गरम हवा सोडत होती. प्रेमलाताई जाताजाता म्हणाल्या, "न्हाऊ घातलं का मॅडम त्याला?" नीरजा हसली नाही. बाकी सगळीकडे गरम हवा सोडून झाली, बोर्ड चालतच राहिला. मग तिने छोट्या चिपच्या त्या कोपऱ्यावर हवा सोडली. बोर्ड अडकला. थंड होऊ दिला, परत सोडली. परत अडकला.

तिने त्या कोपऱ्यातल्या रेघांना मोजमापाच्या यंत्राच्या तारा लावल्या. यंत्राच्या हिरव्या पडद्यावर दोन लाटा उमटल्या, एकीखाली एक. नीरजा खुर्ची ओढून बसली. वरची लाट खालचीच्या जराशी आधी उठत होती, हे तिने बघितलं. मग सर्जेरावांना म्हणाली, "यांची मूळ फिल्म तुमच्या टेबलावर लावता का? आणि तिच्यावर आपली."

सर्जेरावांनी खालची ट्यूब लावली. मूळ फिल्म पसरली, तिच्यावर स्वतःची ठेवली, कोपऱ्याच्या खुणा जुळवल्या. त्या भागातल्या चिपा त्यांनी हलवल्या नव्हत्या. रेघांवर रेघा तंतोतंत बसल्या. फक्त एका जागी सर्जेरावांच्या सरळ रेघांखाली आणि मोकळ्या जागेत आणलेल्या त्या दोन रेघांखाली शेवया दिसत होत्या.

"हे?" नीरजाने विचारलं.

"ते सरळ केलं. सांगितलं होतं सगळ्यांना. साहेबांनी हो म्हटलं."

नीरजाने कपाळ चोळलं. रागावली नाही. आपण काय तपासलं आणि काय तपासलं नाही, ते तिला त्या क्षणी दिसलं असावं. दोघांनी मिळून वाचलं होतं की कुठली रेघ कुठून कुठे जाते. कशी जाते, किती लांब आहे, ते मोठ्याने वाचायची रीतच गाळ्यात नव्हती. जुन्या बोर्डांना त्याची गरज पडली नव्हती. त्यांचा वेग बैलगाडीचा होता.

तिने सर्जेरावांना समजावून सांगितलं. त्या छोट्या चिपमधून ठोका निघतो. त्या ठोक्यावर बाकीच्या चिपा पावलं टाकतात. ठोका सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू जायला हवा. जवळच्या चिपला जवळची रेघ दिली तर तिला ठोका आधी पोचतो, ती पाऊल आधी टाकते, आणि बोर्ड तापला की तेवढ्या फरकाने सगळ्या एकमेकींच्या पायात येतात. म्हणून जवळच्या रेघा मुद्दाम फिरवून लांबच्या रेघेइतक्या लांब केल्या आहेत.

सर्जेरावांनी वाकून पुन्हा त्या शेवया बघितल्या. धायरीत कालव्याचं पाणी सोडलं की पाटाच्या तोंडाशी असलेलं शेत आधी भिजे, शेवटच्याला उशिरा मिळे, त्यावरून दरवर्षी भांडण होई. कुणी पाट वाकडा काढून ते भांडण मिटवलं नव्हतं. इथे मिटवलं होतं. ज्याला त्यांनी वेळकाढू माणूस समजलं होतं, त्या परदेशातल्या कुणा अनोळखी टेपवाल्याने प्रत्येक वळण मोजून घेतलं होतं. सर्जेरावांचे कान तापले. पण मनात कुठेतरी त्या माणसाविषयी मानही वाटला. एवढी वळणं घेणं सोपं नाही, हे तिथे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं?

लिमये ऑफिसातून आले. नीरजाने त्यांनाही दाखवलं. ते काचेवर हात टेकून वाकले.

"सरळ करा असं मीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "पेपर खाली ठेवून म्हणायला हवं होतं." एवढं बोलून ते परत गेले. त्या विषयावर त्यांनी पुन्हा कधी शब्द काढला नाही, कुणाला काढूही दिला नाही.

सर्जेराव सॉल्डरिंगच्या टेबलांकडे गेले. चूक तुमच्या डागांची नव्हे, माझ्या रेघेची, असं त्यांनी मुलींसमोर सांगितलं. प्रेमलाताई म्हणाल्या, "मारलेला डाग काढायला शिकल्या पोरी. तेवढीच शाळा झाली." आणि त्यांनी मुलींना पंखा लावून दिला.

मग शेवया पुन्हा घालायच्या. हे काम सर्जेरावांनी आजवर केलेल्या कामात सगळ्यात अवघड निघालं. सरळ रेघेला टेप पळते. वळवताना ती बाहेरच्या अंगाला ताणते. ताणलेली टेप बसलेली दिसते, पण सकाळी बघावं तर आखडून उचललेली असते, आणि रेघेची लांबी बदललेली असते. पहिली रेघ त्यांनी लावली आणि सकाळी येऊन ओढून काढली. फिल्मवर उरलेला डिंक स्पिरिटने पुसला. दुसऱ्यांदा लावली, तीही काढली. मग त्यांनी हाताची चालच बदलली. टेप ओढायची नाही, तिला पुढे ढकलत न्यायचं. अंगठ्याने वळणाच्या आत दाबायचं आणि मग श्वास सोडायचा. प्रत्येक वळणानंतर थांबायचं. लांबी मोजायला त्यांनी शिवणाचा पक्का दोरा घेतला. तो वळणावळणाने रेघेवर ठेवायचा, उचलायचा, सरळ करून पट्टीला लावायचा. मूळ रेघेइतका भरला तर ठीक, नाही तर टेप उपटायची. नीरजा शेजारी बसून दोऱ्याचं दुसरं टोक धरायची. जागा करण्यासाठी त्यांनी वाचवलेली ती चार भोकंही परत आली. स्वतःच्या हाताने केलेली सुधारणा स्वतःच्या हाताने खरवडून काढणं, हे काम कुणाला सांगून कळत नाही.

या वेळी तपासणीला त्यांनी जोड वाचले आणि जोडाबरोबर लांबीही वाचली. ती नवी रीत तिथून पुढे गाळ्यात कायमची झाली.

नवे बोर्ड दुपारी चालले. पत्रा तापून कडकड वाजत होता, सॉल्डरिंगच्या मुली माठाभोवती बसल्या होत्या, आणि बोर्ड चालत होते. वडे या खेपेला कुणी मागवले नाहीत. पण सर्जेराव त्या दुपारी दोनदा उठून बोर्डापाशी गेले आणि नुसते उभे राहून परत आले. त्यांना बरं वाटत होतं. पहिल्या दिवशीच्या 'छान'पेक्षाही बरं.

पेट्या संपत आल्या तेव्हा लिमयांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. नीरजाही होती. चिप कंपनीचा पुढचा नकाशा येऊन पडला होता, आणखी वेगवान. लिमयांचं मन द्विधा होतं. शेवया घालणारा हात आता गाळ्यात तयार झाला आहे, मग याही नकाशात आपल्या सोयीचे फेरफार करावेत, आपला बोर्ड जरा वेगळा, जरा स्वस्त करावा, असं त्यांच्या डोक्यात घोळत होतं. त्यांनी सर्जेरावांना विचारलं, जमेल?

सर्जेरावांनी नकाशा उचलून उजेडाकडे धरला. आता शेवया एका कोपऱ्यात नव्हत्या, अर्ध्या बोर्डावर पसरल्या होत्या. जमलं असतं. डोळे गेले असते, पण जमलं असतं. हो म्हटलं असतं तर टेबल राहिलं असतं.

"जमेल," ते म्हणाले. "पण करू नये. यांनी एकेक रेघ चालवून बघितलीय. आपण एक हलवली तर बाकीच्यांना काय होतं, ते आपल्याला दुपारी कळतं. बोर्ड आहे तसा छापा. पेटी बदला. पत्र्याला भोक कुठेही पाडता येतं."

लिमयांनी चष्मा काढला.

"आणि तुमचं टेबल?"

"तुम्ही बोर्डाचं विचारलंत, साहेब. बोर्डाचं सांगितलं."

लिमये हसले. अशी उत्तरं द्यायचा हक्क त्या गाळ्यात आजवर त्यांचा एकट्याचा होता.

टेबल भिंतीला लागलं. त्यावर कुणीतरी रिकामे खोके ठेवले. सर्जेराव पॅकिंगला गेले आणि पॅकिंगही त्यांनी नीट केलं. बोर्ड थर्मोकोलच्या साच्यात असा बसवायचे की खोका उलटा केला तरी आत आवाज येऊ नये. मैनाबाई म्हणाल्या, डोळं निवळल्यात. ते खरं होतं. पण घरी बसल्याबसल्या ते बोटाच्या पेरावर अंगठा फिरवत राहायचे.

नव्या बोर्डाला काही करायचंच नव्हतं. आणला, छापला, चालला. नीरजाच्या हाताला वेळ सापडू लागला. लिमयांच्याही. गिऱ्हाईकंही बदलली. सगळ्यांचा बोर्ड सारखाच झाल्यावर कुणी येऊन बोर्डाचं काही विचारेना. जो तो आपली वेगळी अडचण घेऊन येऊ लागला. कुणाला संगणकाला छपाईचं जुनं मशीन जोडायचं होतं, कुणाला दुधाची टाकी. बोर्डावर खाचा असतात, त्यांत जादा कार्ड खोचता येतं. ते कार्ड ज्याचं त्याच्या गरजेप्रमाणे करावं लागतं. त्याचा नकाशा कुठली कंपनी देणार?

पहिलं काम मार्केट यार्डातून आलं. यज्ञेश्वर शेठ नावाचे गुळाचे आडते होते. त्यांना गुळाच्या ढेपी तोलायचा मोठा काटा थेट संगणकाला जोडून हवा होता. लिमयांनी ऑफिसच्या दारातूनच हाक मारली. "सर्जेराव, टेबलावरचे खोके उचला. आणि आधी जाऊन काटा बघून या. नीरजा येतेय."

दोघं मार्केट यार्डात गेले. गुळाचा वास, गोणपाटं, माश्या, हमालांची ये-जा. नीरजाने काट्याच्या आतल्या तारा कुठे येतात, वजनाची खूण कशी निघते, ते लिहून घेतलं. सर्जेराव उकिडवे बसून काट्याच्या खाली बघत होते. तिथे गुळाचं पाणी ठिबकून वाळलेलं होतं, मुंग्यांची रांग लागली होती. कार्ड इथे ठेवलं तर काय होईल, तार किती लांबून आणावी लागेल, हमालाचा पाय कुठे पडतो, ते बघत होते.

यज्ञेश्वर शेठ गादीवरून बघत होते. त्यांना एवढा वेळ का लागतो ते कळेना. त्यांनी विचारलं, "अहो, हे तयार मिळत नाही का कुठे?"

"मिळत असतं तर मी आलो नसतो," सर्जेराव म्हणाले आणि दोन हमालांना काटा एका बाजूने जरा उचलून धरायला सांगितला. मग खिशातून बोटांचा रुमाल काढून त्यांनी हाताचा गूळ पुसला, आणि काट्याच्या तळाचं माप घ्यायला आडवे झाले.